कुमुदताईंची मिनिट्स

कुमुदताईंची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला झापल्यामुळे. कॅनडातल्या व्हिटबी गावच्या आमच्या सीनियर्स क्लबात माझी ती पहिलीच मीटिंग. मी शेजारणीशी कुजबुजत होते, तर चष्म्यावरून बघत त्या चक्क मराठीत म्हणाल्या, "अगं, बोलायचं तर मोठ्याने बोल, म्हणजे मला लिहून घेता येईल." बाकी कुणाला काही कळलं नाही. मी मात्र चहाच्या कपात तोंड लपवलं.

त्या क्लबच्या सेक्रेटरी, मीटिंगचं इतिवृत्त म्हणजे मिनिट्स लिहिणाऱ्या. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढलेली बाई. दिसलं तेच लिहायचं, ही सवय रिटायर झाल्यावरही सुटली नव्हती. पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, माझा शिरा करपला, तर तेसुद्धा त्यांनी मिनिट्समध्ये घातलं! कॅनडाचं त्यांना भारी कौतुक. "इथे माणूस बघतात गं, आडनाव नाही बघत," हे येता-जाता ऐकवायच्या. मला कधी कधी कंटाळा यायचा.

मग दूर एका देशात लढाई पेटली. त्याआधीच्या एका लढाईत क्लबने खिडकीत झेंडा लावला होता, मेलेल्यांसाठी आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो होतो. या वेळी आमच्या क्लबातल्याच हुदाची बहीण तिथे मुलांसकट मारली गेली. कुमुदताईंनी तेवढंच मागितलं, दोन मिनिटं. अध्यक्ष डोना मऊ आवाजात म्हणाली, "इट्स कॉम्प्लिकेटेड, कुमुद." ते ऐकून हुदाने कोट चढवला आणि ती निघून गेली. मग मत घेतलं. हात एकच वर झाला, ताईंचा. माझा मांडीवरच राहिला. उगाच कशाला वाईटपणा घ्या, असं वाटलं मला. आजही त्याची लाज वाटते.

परतताना गाडीत ताईंनी पट्टा लावला. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षं मुलींना सांगत आले, इथे सगळ्यांचा जीव सारखा. खोटं सांगत होते का गं?" आता या बाई क्लब सोडणार, असं मी धरूनच चालले होते.

पुढच्या महिन्यात त्या आल्या आणि शांतपणे गेल्या मीटिंगची मिनिट्स वाचू लागल्या. 'हुदाच्या बहिणीसाठी मौन पाळायला क्लबने नकार दिला. आधीच्या लढाईत पाळलं होतं.' डोना लाल झाली. "इतर विषयांवर चर्चा झाली, एवढंच लिहूया का?" तिने विचारलं.

"वाचायला लाज वाटते ना, डोना? मग करायलाच नको होतं," ताई इंग्रजीत म्हणाल्या. आवाज जराही चढला नाही.

जसंच्या तसं ठेवावं का, यावर मतदान झालं. ताईंचा हात वर गेला. मग माझा गेला. मागून आणखी दोन. आम्ही हरलो. पण गाडीत बसल्यावर ताई लहान मुलीसारख्या हसल्या. "चार गं, चार! मला वाटलं होतं, मी एकटीच. पुढच्या महिन्यात मौनाचं मोशन पुन्हा मांडते. अनुमोदन देऊन सेकंड करशील ना?"

केलं. तेव्हाही पडलो. बर्फ वितळायच्या सुमारास ताई दुखऱ्या गुडघ्यांपायी व्हँकुव्हरला लेकीकडे राहायला गेल्या आणि त्यांचं काम माझ्या गळ्यात पडलं. मौनाचं मोशन मग मीच पुन्हा मांडलं. दोन मतांनी पास झालं. डोनाने स्वतः फोन करून हुदाला बोलावून आणलं आणि मौन पाळलं गेलं.

घरी येऊन मी लगेच ताईंना फोन लावला आणि मिनिट्स वाचून दाखवली. विरोध करणाऱ्यांची नावं तर चवीने वाचली.

"मौनाच्या वेळी ते बसून होते?" ताईंनी विचारलं.

"नाही. हुदा उठली, तसे सगळेच उठले."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"मग ते का नाही गं लिहिलंस?"