मंडईतल्या मावशींची उंची

"मला वरनं समदं दिसतंय, साहेब," असं मावशी म्हणाल्या की मी ढिगातून उकरून काढलेलं लिंबू निमूट खाली ठेवायचो.

मंडईतले गाळे तुम्हीही पाहिले असतील. मालाचा उतरता ढीग आणि त्याच्यामागे, आपल्या डोक्याच्याही वर, मांडी घालून बसलेला विक्रेता. मावशींची लिंबं-मिरची-आल्याची जागा तशीच. सकाळी दोरी धरून वर चढायच्या, त्या संध्याकाळीच उतरायच्या. वीस वर्षं मी त्यांच्याशी मान वर करूनच बोललो.

पन्नाशीच्या आतच त्यांचे गुडघे गेले. दोरी होती, पण खालून दोघांना रेटा द्यावा लागे. "पोतं चढवताय जणू," मी एकदा गमतीनं म्हणालो.

"पोत्याला दुखत न्हाई, साहेब."

मी वरमलो.

त्यांचा मुलगा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. कंपनीच्या विम्यात आईवडीलही धरलेले. मुलानं दोन्ही गुडघे बदलायचं ठरवलं, आई तयार झाली. घोटाळा एवढाच, की आईनं वाकडच्या फ्लॅटमध्ये सुखानं बसावं असं मुलाला वाटत होतं, आणि आईला बसायचं होतं गाळ्यावर, मांडी घालून. दोघं हे एकमेकांशी बोललेच नाहीत. डॉक्टरांनाही कुणी विचारलं नाही.

ऑपरेशन उत्तम झालं. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "हळूहळू चालाल, जिने चढाल, कामाला लागाल. फक्त मांडी घालून बसायचं नाही." मावशी भिंतीकडे तोंड करून रडल्या. हे मला नंतर त्यांनीच सांगितलं. मुलगा समजूत घालायला गेला, "आई, नाहीतरी आता घरीच बसायचंय तुला."

"घरी बसायला गुडघं कशाला लागत्यात रं?"

व्यायाम मात्र त्यांनी एक दिवस चुकवला नाही. डोळ्यांत पाणी यायचं, तरी सांगितले तितक्या वेळा पाय वाकवायच्या. तीन महिने गाळ्यावर त्यांची जाऊ बसली. ती बिचारी वजन चोख करायची, हवं ते निवडू द्यायची, पण मला खरेदीत राम वाटेना.

मग एके सकाळी पाहतो तर गाळ्यावर कुणीच नाही. चढायच्या दोरीला पिशव्या अडकवलेल्या आणि खाली एक उंच बाई उभी. "काय पायजे?" तिनं विचारलं, तेव्हा आवाजावरून ओळख पटली. मावशी माझ्यापेक्षा चांगल्या चार बोटं उंच निघाल्या. वीस वर्षांत आम्हा गिऱ्हाइकांना याचा पत्ता नव्हता.

माल त्यांनी वरच ठेवला होता, स्वतः तेवढ्या उतरल्या होत्या. तराजू हात पोचेल असा टांगला होता आणि दमल्यावर टेकायला एक उंच स्टूल.

"शेजारचे हसले असतील?"

"चार दिस हसले. मग इचारायला लागले, स्टूल कुठनं आणलं."

मुलगा महिनाभर रुसला होता. पुढे सुट्टीच्या दिवशी तोच त्यांना स्कूटरवरून आणून सोडू लागला.

काही वर्षांनी माझेही गुडघे कुरकुरू लागले. मी शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. जिना टाळता टाळता मंडई सुटली, भाजी फोनवर मागवू लागलो. ऑपरेशनचं नाव कुणी काढलं की मी विषय बदलायचो. घाबरलो होतो, दुसरं काय.

एका दुपारी दार वाजलं. मावशी. पेठेत तीन ठिकाणी पत्ता विचारून आणि तिन्ही ठिकाणी टोमणे ऐकून आल्या होत्या. "दोन म्हैनं दिसला न्हाई. म्हणलं, बघून यावं." दोन जिने चढूनही त्यांना धाप लागली नव्हती. मला फार बरं वाटलं आणि तितकीच लाज वाटली.

खुर्चीत बसून त्यांनी चहा घेतला. भिंतीचा आधार घेत मी कप आत नेऊन ठेवला, ते त्यांनी पाहिलं.

"मांडी जाती, साहेब. बाकीचं समदं परत मिळतं."

पिशवीतली लिंबं टेबलावर ओतून त्या निघाल्या. मी गॅलरीत आलो. आमचा जिना बाहेरून, उघडा. मावशी उतरत होत्या, एका हातात रिकामी पिशवी, दुसऱ्यानं पदर सावरलेला. कठड्याला त्यांनी हातही लावला नाही. मला वरून सगळं दिसत होतं.

आता तो गाळा त्यांच्या जावेकडे आहे आणि मावशी वाकडला नातवाच्या मागे धावतात. जावेनं मला हे सांगितलं, तेव्हा मी मंडईत उभा होतो, माझ्या नव्या गुडघ्यांवर.