अकरावा गडी

“थांबा रे, अजून एक जण येतोय!”

मैदानावर आम्ही पाचच असलो तरी ते हेच म्हणायचे. हातातली काठी गोलच्या खांबाला टेकवायची आणि पार्किंगकडे बघत राहायचं. येणारं कुणी नसायचं. तुमच्याही ओळखीत असेल असं एखादं माणूस, वाट बघण्यातच जीव असलेलं.

आम्ही त्यांना कोच म्हणायचो. मूळचे आयर्लंडचे, इथे जर्मनीत वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यात उभी हयात काढून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलगी म्युनिकला. हर्लिंग हा त्यांचा गावाकडचा खेळ: टोकाला चपटी लाकडी काठी, चामड्याचा छोटा चेंडू आणि अंगात थोडा वेडेपणा. युरोपातल्या शहरांच्या स्पर्धेला ते दर वर्षी जायचे, पण गडी कमी म्हणून दुसऱ्याच शहराच्या संघात मिसळून. “एकदा आपल्या या वोल्फ्सबुर्गच्या नावाने उतरायचंय. अकरा जण, बास!” हे ‘बास’ आमच्याकडून उचललेलं.

मी त्यांना सापडलो एका रविवारी. इथला रविवार म्हणजे दुकानं बंद, रस्ते सामसूम. घर खायला उठतं. बागेतल्या भिंतीवर मी एकटाच बॅटने चेंडू मारत होतो. मागून आवाज आला, “मनगट चांगलंय. गेनाऊ, असंच! पुढच्या रविवारी ये, मित्रांना आण.”

आणले. सगळे पुण्या-मुंबईचे, क्रिकेटवर पोसलेले. चेंडू जमिनीलगत खेळ, हे लहानपणापासून आमच्या कानीकपाळी ओरडलेलं. इथे नेमकं उलटं. आमचा प्रत्येक फटका गवतातून सरपटत जायचा आणि कोच डोक्याला हात लावायचे. “वर! अरे, वर मारा! इथे झेल घेतला म्हणून कुणी आउट देत नाही!” पटायचं हो, पण मेली सवय जाता जाईना.

अखेर अकरा नावं जमली, आणि स्पर्धेच्या तोंडावर एकाची दूर नेकारसुल्मच्या कारखान्यात बदली झाली. सामन्याच्या सकाळी बघतो तर डोक्यावर हेल्मेट, गुडघ्याला पट्टा, आणि कोचची स्वारी स्वतःच गोलमध्ये उभी!

“अहो कोच, काय हे! वय काय तुमचं?”

“अकरा झाले की नाही? आल्झो, मग चला!”

सपाटून हरलो. पण फलकावर आमच्या गावाचं नाव होतं. परतताना गाडीत त्यांनी जर्सी काढलीच नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाले, “उद्यापासून पुन्हा घर आणि मी.” माझ्याही घरी दुसरं कोण होतं?

त्या हिवाळ्यात ते गेले, झोपेतच. मुलीने त्यांच्या काठ्या आम्हाला आणून दिल्या.

परवाच्या रविवारी, कुणालाही फोन न करता, आम्ही पुरते अकरा जमलो. त्यांची काठी खांबाला टेकवली, चेंडू मधोमध ठेवला. पण सुरुवात कुणी करेना. सगळे आपले पार्किंगकडे बघत उभे.

नागपूरहून नवा आलेला इंजिनिअर थंडीने कुडकुडत होता. “झाले ना अकरा? आता कोणाची वाट बघताय?”

“थांब रे,” मी म्हणालो, “अजून एक जण येतोय.”