पोळ्यातली माझी नक्कल

आमच्या गावात एक माणूस आहे, ज्याला कुणाचीच नक्कल जमत नाही, आणि म्हणूनच त्याच्या नकला बघायला अख्खं गाव जमतं. आर्णीच्या रस्त्याला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. वयाने माझ्याएवढा, आमच्या शेजारचाच. डॉक्टर असो, सरपंचबाई असोत की मतं मागायला आलेला पुढारी, याचा आवाज एकच, नाकातून निघणारा आणि बारीक. त्यामुळे आधी त्याला सांगावं लागतं, "हा डॉक्टर होय बरं." एकदा त्याने बैलाची नक्कल केली तर लोक म्हणाले, सरपंचबाई बऱ्या जमल्या. त्याला राग येत नाही. हसून झालं की तो पुढची नक्कल सुरू करतो.

यंदाच्या पोळ्याला मी आईला यवतमाळला न्यायला आलो होतो. कायमचं. तिचे गुडघे गेले आहेत, घरात ती एकटी, आणि मी तासाभराच्या वाटेवर राहून महिना-दोन महिन्यांनी तोंड दाखवणारा. तेही कसं, तर दारात उभं राहून. बुटांच्या नाड्या सोडायचा मला कंटाळा. चौकटीला हात टेकायचा, "औषधं आहेत ना? बरं, निघतो" म्हणायचं, की झाली भेट. आता मात्र फ्लॅटमधली एक खोली तिच्यासाठी रिकामी केली होती, नवा पलंग आणला होता, आणि आपण फार मोठं काही करतो आहोत अशा ऐटीत मी गाडी चालवत आलो. आईने फोनवर ना हो म्हटलं होतं, ना नाही. "पोळा होऊ दे, मंग पाहू," एवढंच म्हणाली होती.

आमच्याकडे पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या होतात. एकाने पुढे येऊन यमक जुळवत कुणाची तरी खोडी काढायची आणि बाकीच्यांनी "हर हर महादेव" ओरडून ती उचलून धरायची. रागवायचं नाही, हा नियम. ज्याची खोडी काढली त्यानेही सगळ्यांसोबत ओरडायचं. वेल्डिंगवाल्याला यमकही जुळत नाही, म्हणून तो झडतीच्या जागी नक्कल करतो आणि गाव ते चालवून घेतं.

डॉक्टर झाला, पुढारी झाला. मग त्याने माझ्याकडे बोट केलं. "हा यवतमाळवाला साहेब होय बरं."

मी तयार होतो. आता हा किल्ली फिरवणार, घड्याळ बघणार, कानाला फोन लावणार. चेहऱ्यावर मी आधीच हसू आणून ठेवलं. खिलाडूवृत्ती दाखवायची तर पूर्ण दाखवावी.

त्याने तसलं काही केलं नाही. चपला काढून बाजूला ठेवल्या आणि धुळीत मस्त मांडी घातली. मग त्याच नाकातल्या आवाजात म्हणाला, "माय, भाकर टाक वं. दोन दिवस राह्यतो आता. गुडघा कसा हाय तुहा? आन इकडं, चेपून देतो." आणि शेजारी उभ्या असलेल्या बैलाचा पाय धरून चेपायला लागला. बैलाने पाय उचलला. लोक हसून हसून वाकले.

मागून कुणीतरी ओरडलं, "चुकला बे! हा तं कोण्या दुसऱ्याचाच पोरगा होय!"

त्यावर तर हसण्याला धरबंधच राहिला नाही. बैल बुजले, त्यांना आवरावं लागलं. नियम म्हणून मीही "हर हर महादेव" ओरडलो, आणि माझा आवाज सगळ्यांत मोठा निघाला. कान तापले होते. माझी टिंगल झाली असती तर मी सहन केली असती. पण मी आईजवळ बसतो, ही कल्पनाच एवढ्या लोकांना विनोदी वाटत होती. देवळाच्या ओट्यावर बायांमध्ये आई बसली होती. फक्त ती हसत नव्हती. सगळं बरोबर चाललं आहे, अशी मान हलवत होती.

पोळा फुटून बैल घरोघर निघाल्यावर तिला हात धरून घरी आणलं. ती आत जाऊन भिंतीला टेकून बसली. मी दारातच उभा राहिलो, सवयीने, आणि चिडचिड सुरू केली. "त्या माणसाला काही कळतं का? नक्कल करायची तर निदान नीट तरी करावी."

"त्याले काहून बोलतं?" आई म्हणाली. "म्याच सांगतलं त्याले तसं कराले."

मला समजेना. मग तिने सांगितलं. दुकान बंद असलं की तो चहाला येतो. कोणाची नक्कल करू, असं विचारतो. ती माझी करायला सांगते.

"पह्यले तो बरोब्बर तुह्यासारखी करे. असाच, दारात उभा राहून. जल्मात त्याले एवढी एकच जमली. मले पाह्यवली नाही. म्हटलं, राहू दे बाबू, तू बसून कर."

मी चौकटीवरचा हात काढला. तो कुठे ठेवायचा ते कळेना. एवढी लाज मला तोरणाखाली शंभर माणसं हसत होती तेव्हाही वाटली नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग यवतमाळला येणार ना?"

"नाही रे बापा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तिथं तुही नक्कल कोण करून दाखवीन मले?"

मी खाली वाकलो. घाईत नाडीची गाठ आणखीच आवळली, ती नखांनी सोडवली. बूट बाहेर ठेवून आत गेलो, तिच्यासमोर मांडी घालायला गेलो तर पँट अडली, कसाबसा टेकलो. तिचा पाय मांडीवर घेतला. कुठे दुखतं, कसं दाबायचं, काही ठाऊक नव्हतं.

"गुडघा कसा हाय, माय?" मी विचारलं. आवाज नाकातून निघाला, बारीक.

आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"त्याच्याहून बी खराब जमली तुले," ती म्हणाली.