गावाला आलेला अटॅक

इंद्रभानला आयुष्यात कोणाला नाही म्हणता आलं नाही. शाळेत शिपाई होता तेव्हा दोन मास्तरांनी एकदम हाक मारली की तो दोघांच्या मधोमध जाऊन उभा राही. निवृत्तीनंतर गावाने त्याच्या या गुणाला काम शोधलं. घरात सुतक असलं की घरचे पुरुष बाहेर पडत नसत; मग ग्रामपंचायतीत मयताची वर्दी देणार कोण? इंद्रभान. टोपी घालून तो ग्रामसेवक गजेंद्रपुढे उभा राही, कोण गेलं ते सांगे, कशानं गेलं तेही सांगे. डॉक्टरने पाहिलेलं नसलं की गजेंद्र तेच लिहून घेई. इंद्रभानच्या शब्दाला एवढी किंमत स्वतःच्या घरात कधी नव्हती.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी ताप शिरला. पण कोरोना म्हटलं की गल्ली बंद करायला बांबू लागत, खांद्याला माणूस मिळत नसे. म्हणून ज्याच्या घरी मयत होई तो इंद्रभानला हळूच सांगे, अटॅक सांगा. इंद्रभान मान हलवी. पहिले अटॅक साधेच होते. पुढे गजेंद्र डोळे वर करून पाहू लागला, तेव्हा इंद्रभानने असेल तेवढी अक्कल खर्चली. झोपेतला अटॅक झाला, जेवतानाचा झाला, आणि माघापासून खाटेवरून न उठलेल्या नव्वदीच्या महादेवरावांना त्याने विहिरीवर पाणी शेंदताना अटॅक आणला.

परिणाम असा झाला की तालुक्याहून हृदय तपासायची गाडी आली. डॉक्टर सुचिता नावाच्या तरुण बाईंनी शाळेच्या ओट्यावर तेल-मीठ कमी खायला सांगितलं. गावाने ते खोकत खोकत ऐकून घेतलं. तपासायला पहिला कोण झोपतो असं विचारल्यावर सगळ्यांनी इंद्रभानकडे पाहिलं, आणि इंद्रभान झोपला.

घरी त्याची बायको सोजराबाई तापाने पडली होती. सकाळी तिला तांब्या उचलवला नव्हता. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. छातीला वायरी लावून ओट्यावरच्या पत्र्याकडे पाहताना त्याच्या ध्यानात आलं, की ही गाडी गावाची काळजं मोजून निघून जाईल आणि आपल्याला टोपी घालून सोजराचीही वर्दी द्यावी लागेल. तिला कुठला अटॅक द्यावा, असंही मनात येऊन गेलं. मग त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"आजोबा, तुमचं हृदय उत्तम आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मग या गावात इतके अटॅक आले कुठून?"

इंद्रभान उठून बसला. मागेच महादेवरावांचा मुलगा भगवानराव उभा होता. त्याची नजर इंद्रभानच्या पाठीत रुतली.

"म्या आणले," इंद्रभान म्हणाला. "बाई, सारे ताप-खोकल्यानं गेले. माही बायको बी त्याच्यातच पडून हाये. तिले पाहा."

भगवानराव शर्टाची बटणं लावत पुढे आला.

"काका, माह्या बापाले विहिरीवर काऊन नेलं?"

मग तो डॉक्टरांकडे वळला. आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, माह्या घरी बी दोघं पडले हायेत."

त्यानंतर जो तो आपल्या घरचं सांगू लागला. डॉक्टर आधी इंद्रभानच्या घरी गेल्या. सोजराबाईच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली, आकडा पाहिला आणि त्याच गाडीतून तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात हलवायला सांगितलं. गाडीत चढवताना तिने डोळे उघडले.

"मले काय झालं म्हून सांगतलं?"

"ताप. खोकला."

"अटॅक नाई?"

"नाई."

"मंग वाचीन मी."

आणि ती वाचली. गल्लीला बांबू लागले, ते यथावकाश निघाले. नोंदवहीत गेलेल्यांची कारणं मात्र तशीच राहिली. दुरुस्ती करायची तर घरच्यांनी अर्ज द्यावा लागतो, असं गजेंद्रने सांगितलं. इंद्रभान हिंमत करून भगवानरावाकडे गेला. भगवानरावाने चहा पाजला, सोजराकाकूंची तब्येत विचारली. अर्जाची गोष्ट निघाली तेव्हा त्याने कप खाली ठेवला.

"राहू द्या ना काका," तो म्हणाला. "बापाले चौघांनी खांदा देला. तेवढा तरी असू द्या त्याच्याजवळ."