हिरव्या पतंगाचं आडनाव

शाळेत मी आणि नफीसा एका बाकावर बसायचो. एकदा खिडकीच्या काचेवर पंख पसरून बसलेला हिरवा जीव पाहून सिस्टर म्हणाल्या, "लुक गर्ल्स, बटरफ्लाय!" नफीसा पुटपुटली, "पतंग आहे तो." मी फिस्सकन हसले. दोघींना वर्गाबाहेर काढलं, आणि आम्ही तिथेच उभ्याने डबा संपवला.

पुढे नफीसा रत्नागिरीत प्राणिशास्त्राची शिक्षिका झाली. आता ती निवृत्त आहे आणि पुढच्या महिन्यात कायमची मुलाकडे कुवेतला जाते आहे. तिचा फोन आला, "ये गो. त्या हिरव्याचं नाव लावायचं राहिलंय." दुसऱ्या दिवशी मी पुण्याहून निघाले.

तुम्हालाही जायचं असेल तर आंबा घाटातून जाणारी सकाळची गाडी घ्या. रत्नागिरीहून आरे-वारेसाठी रिक्षा मिळते. भाडं आधी ठरवा आणि चढावर थांबायला सांगा. खाली दोन्ही किनारे एकदम दिसतात.

नफीसा तिथेच भावाकडे राहते. भाभीने घावन आणि नारळाचा गोड रस वाढला. मग आम्ही परसातल्या आंब्याच्या कलमाखाली गेलो. कोवळ्या पानावर एक अळी वीत-वीत टाकत चालली होती, मोजणीला आल्यासारखी. म्हणूनच शास्त्रात या पतंगांचं कुळ भूमापकांचं. शेजारच्या पानाखाली पंख पसरलेला हिरवा पतंग, कागदासारखा सपाट.

"कुळ ठाऊक, आडनाव नाही," नफीसा म्हणाली. पूर्वी या सगळ्यांचं शास्त्रीय आडनाव थॅलॅसोडीस. नंतर अभ्यासकांनी काहींना वेगळं काढून पेलागोडीस केलं. बाहेरून सगळे सारखेच; पोट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. शाळेच्या कीटकपेटीत तिने याची जागा कितीतरी वर्षं रिकामी ठेवली होती.

"मग धर की."

"नावासाठी जीव घेऊ? बघ, किती छान बसलाय."

दोन दिवस आम्ही नुसत्या बघत राहिलो. निघायच्या सकाळी पडवीत केर काढताना भाभी ओरडली, "अगो नफीसा, तुझा पाव्हणा सुपलीत आलाय!"

दिव्याखाली आपोआप मरून पडलेला. पंख शाबूत, अजून हिरवे. नफीसा हसत खालीच बसली. "म्हणजे इतकी वर्षं केर मी काढायला हवा होता!"

"आता तरी काढ," भाभीने केरसुणी पुढे केली.

तिने तो काडेपेटीत घालून माझ्याकडे दिला; घरी पोचेपर्यंत हिरवा रंग पिवळट पडू लागला होता. नफीसाचं हसू मात्र अजून कानात आहे.

माझी लेक मीरा कीटकांच्या प्रयोगशाळेत काम करते आणि हा ब्लॉग वाचते, म्हणून इथेच सांगते. मीरा, काडेपेटीतला पतंग उद्या तू ने. पोट तुमच्या सूक्ष्मदर्शकाला, पंख नफीसाच्या शाळेला. फोटो कुवेतला. आणि आडनाव कळलं की पहिला फोन भाभीला कर. सापडला तिला आहे.