दादाची खिडकी

बाबा ज्या शेठची गाडी चालवत, तो शेठ ऊन तापू लागलं की कुटुंबकबिला घेऊन आगगाडीनं थंड हवेच्या ठिकाणी पळायचा. नागपूरचा उन्हाळा मुळी श्रीमंतांसाठी नाहीच. मागं राहिलेली मोठी काळी गाडी तो बाबांना काही दिवस वापरायला देई, पेट्रोल आपलं आपण टाकायचं. त्यामुळं मोहल्ल्यात माझा भारी थाट होता. "चालली बाप्पा महाराणी," असं शेजारच्या पोरी म्हणायच्या. त्यांना वाटे, मी मागच्या सीटवर खिडकीत बसून वारा खात जाते. खिडकी मला कधी मिळतच नसे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पुढं बाबांच्या शेजारी पाण्याची सुरई, फराळाचा डबा आणि देण्याघेण्याच्या पिशव्या असत. मागं एका खिडकीला आई, मधे मी. दुसऱ्या खिडकीची जागा रिकामी. पहिल्या वर्षी मी तिकडं सरकले तेव्हा आईनं मला दंडाला धरून परत मधे ओढलं.

"थे जागा राहू दे वं. दादा रस्त्यात भेटला तं बसन कुठी?"

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. माझ्यात आणि त्याच्यात बरंच अंतर होतं, मी शाळेत जायला लागले तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं. एका सकाळी तो "सावनेरले दोस्ताकडं जाऊन येतो, सांजेले वापस येतो" असं सांगून निघाला. आई अंगणात पापड वाळत घालत होती. तिनं मानही वर न करता "डोक्याले दुपट्टा बांध, ऊन हाय" एवढंच म्हटलं. दादा सावनेरला पोचलाच नाही. भांडण नाही, रुसवा नाही, नापास झाला म्हणावं तर तेही नाही. काही कारण असतं तर निदान चिडायला तरी काही सापडलं असतं. पोलीस झाले, देवऋषी झाले, नवस झाले. मग बाबांनी शेठला गाडी मागितली.

लोक उन्हाळ्यात पाहुणे म्हणून जातात, आम्ही चौकशीला जायचो. नातेवाईक, बाबांचे जुने सोबती, दादाचे दोस्त, सगळ्यांकडं. आमची गाडी दारात थांबली की त्या घरातलं हसणं बंद व्हायचं. गूळपाणी यायचं, मग बाबा विचारायचे, "पाहिलं का गा कोणी?" आणि लोक जमिनीकडं बघायचे. माझ्या वयाच्या पोरी खेळत असल्या तर त्यांना आत बोलावून घेत. दुःखाच्या घरची पोरगी म्हणून मला सगळे प्रेमानं वागवत आणि कोणीच माझ्याशी बोलत नसे. मला दादाचा राग यायचा. तो घरी होता तेव्हा मी त्याची लाडकी होते. तो गेला आणि जाताना मलाही घरातून नाहीशी करून गेला, असं मला वाटे.

सांगायचं आहे ते तिसऱ्या उन्हाळ्याचं. मी दहा-अकरा वर्षांची असेन. आम्ही आधी सावनेरला गेलो. दादाचा तो दोस्त आता कोळशाच्या खाणीत कामाला लागला होता, लग्न झालं होतं. आईनं त्याला दरवर्षीचंच विचारलं, "तुले काही बोलला होता का गा?" तो दरवर्षीचंच म्हणाला, "नाही काकू." निघताना त्यानं गावरान आंब्यांची एक टोपली गाडीत ठेवली. रिकाम्या जागेवर ठेवू लागला तर आईनं ठेवू दिली नाही, म्हणून ती माझ्या पायाशी आली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! आधीच मी तापलेल्या सीटवर मधे, त्यात आता गुडघे हनुवटीशी आणि नाकाशी आंब्यांचा घमघमाट. आणि एकही खायचा नाही. अक्षय तृतीयेला पितरांना दाखवल्याशिवाय आमच्या घरी आंब्याला हात लावत नाहीत.

तो सण दुसऱ्याच दिवशी होता आणि तो उमरेडला व्हायचा, मोठ्या बाबांकडं. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. बाबांनी तरुणपणी माग सोडून गाडी धरली, मोठे बाबा मात्र अजून लुगडी विणत होते. पितरांचं पाणी थोरल्याच्या घरी भरायचं, म्हणून आम्ही नागपुरात न थांबता तसेच पुढं निघालो.

उमरेडच्या रस्त्यावर आई खिडकीतून बाहेर बघत होती. झाडाखाली कोणी बसलेला दिसला, कुठल्या फाट्यावर कोणी बसची वाट बघताना दिसला, की ती म्हणे, "गाडी हळू घ्या ना." बाबा हळू घेत. एके ठिकाणी पांढऱ्या सदऱ्यातला एक उंच मुलगा पाठमोरा उभा होता. बाबांनी गाडी थांबवलीच. तो वळला. दुसराच कोणी होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून बाबांनी त्याला उमरेडचा रस्ता विचारला. तो रस्ता बाबा झोपेतही सांगू शकले असते. मुलानं नीट हात करून दाखवला, बाबा "बरं बरं" म्हणाले आणि आम्ही निघालो. आईनं डोळे पुसले नाहीत. ती पुढच्या झाडाकडं बघू लागली होती.

सकाळी मोठ्या बाबांनी माग बंद ठेवला. देवापुढची जमीन सारवून त्यांनी गव्हावर तांब्याएवढी मडकी मांडली. आमच्याकडं त्या दिवशी मेलेल्या माणसांसाठी पाणी भरून ठेवतात. पुरुषाच्या नावानं भरतात त्या मडक्याला करा म्हणतात, बाईच्या नावानं भरतात ती केळी. आमचं घर विणणाऱ्यांचं, म्हणून त्यांच्या गळ्याला मागावरचं कोरं सूत गुंडाळायचं, तोंडावर आंबा ठेवायचा. आजोबांचा करा, आजीची केळी. दरवर्षी एवढंच असे.

आई नैवेद्याचं ताट घेऊन आली आणि थांबली. आजोबांच्या कऱ्याशेजारी अजून एक करा होता.

आई मोठ्या बाबांशी कधी थेट बोलत नसे. जेठासमोर पदर पुढं ओढायचा, काही सांगायचं तर जावेला सांगायचं आणि तिथंच उभ्या असलेल्या जेठानं ते ऐकायचं, अशी रीत होती. म्हणून तिनं मोठ्या आईला विचारलं, "हा कोणाचा जी, बाई?"

 मोठे बाबा हातातल्या सुताकडं बघत म्हणाले, "पोरगं कुठीबी असो. पण तहानलेलं नको राहाले."

"तुमी आणला?" आईनं पुन्हा जावेलाच विचारलं.

"मी कायले आणू वं? भाऊजीनं आणला. नागपूरहून, डिक्कीत ठेवून."

बाबा दारात उभे होते. ते बाहेर गाडीकडं बघत राहिले. मला सगळं एकदम कळलं. सावनेरला "पाहिलं का गा" विचारताना, त्या पाठमोऱ्या मुलासाठी गाडी थांबवताना, तो करा आमच्या पाठीशी डिक्कीत होता. बाबांचं वाट बघणं कधीच संपलं होतं आणि ते आईसाठी गाडी चालवत होते. आईला ते त्या क्षणी कळलं. भरल्या घरात ती एकटी पडली. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला रडू आलं.

आईनं ताट खाली ठेवलं. त्या कऱ्यावरचा आंबा काढून बाजूला ठेवला आणि करा उचलला. पदर डोक्यावरून घसरला तो तिनं सावरला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती मोठ्या बाबांच्या तोंडाकडं बघून बोलली.

"माह्या पोराले तहान लागन तं तो घरी येऊन पिईन."

मग ती माझ्याकडं वळली. "पी वं."

मेलेल्यांच्या पाण्याला तोंड लावू नये, हे मला माहीत होतं. पण कोणी मला अडवलं नाही, बाबांनीही नाही. मी प्यायले. पाणी गार होतं, मातीचा वास होता, ओलं सूत ओठांना लागत होतं. मला खरंच तहान लागली होती, फक्त कोणी विचारलं नव्हतं. आईचा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ होता. इतक्या जवळून तिनं माझ्याकडं किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की ती माझ्याकडं बघत नव्हती. कऱ्यातलं पाणी संपतंय का, ते बघत होती. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

परतताना बाबांनी गाडी कुठंच हळू घेतली नाही आणि आईनं तसं सांगितलंही नाही. मला वाटलं, आता सगळं संपलं असेल. मी थोडीशी खिडकीकडं सरकले.

"मधात बस," आई म्हणाली. रागानं नाही, साधंच.

नंतर बाबांनी उन्हाळ्यात गाडी आणली नाही. शेठ देत नाही, असं ते सांगत. ते खोटं आहे हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. आईनं बाबांशी भांडण काढलं नाही, फक्त दादाबद्दल त्यांच्याशी बोलणं सोडलं. माझ्याशीही ती बोलत नसे. पुढं बाबा गेले. मी नोकरीला लागले, लग्नाचं राहून गेलं. शेवटच्या आजारपणात आई एकदा मला जवळ बोलावून म्हणाली, "माह्यासाठी केळी आणजो. त्याच्यासाठी काही आणू नको." मी हो म्हटलं. माझ्यापुरतं काही सांगेल म्हणून मी थोडा वेळ तिथंच बसून राहिले. तिला झोप लागली.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या अक्षय तृतीयेला मी इतवारीत मडकी घ्यायला गेले. कुंभारणीनं विचारलं, "कोणाकोणासाठी पाह्यजे?"

"आईबाबांसाठी."

तिनं एक करा, एक केळी काढून दिली. "आखीन?"

"नाही."

ऊन मी म्हणत होतं. ऑटोरिक्षात बसून मी दोन्ही मडकी मांडीवर धरली. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं.

"ताई, किनाऱ्याले बसा ना, हवा लागन. मधात काहून बसल्या?"

"राहू द्या," मी म्हटलं. "वाटेत एक जण बसणार आहे."

त्यानं मान डोलावली, रिक्षा सुरू केली आणि थोडं पुढं गेल्यावर विचारलं, "कुठून घ्याचं हाय त्याईले?"

मी रस्त्याच्या कडेला उभ्या माणसांकडं बघत होते.

"तुम्ही हळू घ्या," मी म्हटलं.