ओठ चारनंतर

चित्रं काढायला बसली की भाचीला हटकून आत्या आठवते. आत्या फोटो स्टुडिओत काळ्यापांढऱ्या फोटोंत हाताने रंग भरायची. सकाळी तिचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, म्हणून तेव्हा ती फक्त पडदे आणि कपडे रंगवायची. ओठांना ब्रश लागायचा तो चारच्या चहानंतरच.

मालक कुरकुरायचे. एकदा त्यांनी हट्टाने एका नवरीचा फोटो सकाळीच पुरा करून घेतला. नवरीची आई बघून म्हणाली, "अहो, आमची पोर हसत होती, ही तर रुसलीय!" मालकांनी निमूटपणे भिंतीवर पाटी लावली : ओठ चारनंतर.

"माझा स्वभाव मला ठाऊक आहे," आत्या म्हणायची, "म्हणून तर तीस वर्षं टिकले."

आता स्टुडिओ नाही, आत्याही नाही. भाचीच्या टेबलावर आत्याचा फोटो आहे, आत्याने स्वतःच रंगवलेला. येणारा जाणारा विचारतो, "या एवढ्या रागावलेल्या का?" भाची फोटो उलटा करून दाखवते. मागे आत्याच्या अक्षरात लिहिलंय : "ओठ सकाळी नऊला रंगवले. मुद्दाम."